पंपांची मांडणी आणि पाण्याचा भरंवसा

कर्जतेहून खोपोलीकडे जाणाऱ्या आगगाडींतून पळसदरी स्टेशनावर उतरलें म्हणजे एका अंगास भाताचीं खाचरें व दुसऱ्या अंगास सह्याद्रीची उभी भिंत दिसते. येथून एक फांटा खोपोलीस जातो, आणि मुख्य मार्ग बोरघाट चढूं लागतो. हा घाटमार्ग सन १८६३ मध्यें खुला झाला. चढाव इतका कठीण कीं, कर्जतेस पुष्कळ गाड्यांना मागून लोटण्यासाठीं साहाय्यक इंजिनें जोडावीं लागतात. उतरतांना गाडी आवरेनाशी झालीच, तर तिला चढावर वळवून थांबविण्याकरितां रुळांचे आडफांटे ठेवलेले आहेत. हे आडफांटे ज्यांनीं बसविले, त्यांनीं केवळ "फांटा हवा" एवढेंच पाहिलें नाहीं. तो नेमका कोठें हवा हेंही पाहिलें. तोच फांटा, तितकेंच लोखंड, तितकाच खर्च. परंतु जागा चुकली तर सर्व व्यर्थ.

आमच्या या भागांतील दुसरें उदाहरण पाण्याचें आहे. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी मोठाल्या नळांतून खालीं आणून वीज करण्याचें टाटांचें खोपोली येथील वीजघर सन १९१५ मध्यें सुरू झालें. भिवपुरीचें त्यानंतर सन १९२२ मध्यें. भिवपुरीच्या चक्रांतून सुटलेलें पाणी राजनाल्याच्या पाटानें कर्जत तालुक्यांतील खाचरांत पोहोंचतें व त्यावर उन्हाळी भात होतें. तलाव, नळ, चक्र, पाट, उपपाट, आणि शेवटीं शेतकऱ्याच्या बांधावरील तोंड, अशी ही सांखळी आहे. या सांखळीच्या शेवटच्या टोंकास शेतकरी उभा असतो. मध्यें कोठेंही कांहीं अडलें कीं, त्याचा परिणाम त्याच्याच खाचरांत दिसतो. उन्हाळी भात फुलोऱ्यावर असतां पाणी तुटलें, तर लोंबींत दाणा भरत नाहीं. पुढें कितीही पाणी दिलें तरी गेलेला दाणा परत येत नाहीं.

म्हणून प्रस्तुत लेखांत एका प्रश्नाचा विचार करावयाचा योजिला आहे. आपल्याजवळ जीं यंत्रें आहेत तींच ठेवून, नवीन एक पैही न खर्चितां, केवळ त्यांची मांडणी बदलून पाण्याचा भरंवसा वाढवितां येईल काय? येईल, असें गणित सांगतें. मात्र यंत्रें पुष्कळ असलीं म्हणजे उत्तम मांडणी शोधणें फार अवघड होतें. आणि तो शोध करण्याची जी एक रीत विद्वानांनीं काढली आहे, ती त्यांनीं बीजनिवडीच्या धंद्यावरूनच उचलली आहे. तेव्हां हा विषय यंत्रशास्त्राचा असला तरी शेतकऱ्यास परका नाहीं.

चार पंपांचा हिशेब

समजा, एका गांवच्या शेतकऱ्यांनीं मिळून नदीकांठच्या विहिरीवरून डोंगर-उतारावरील वरकस जमिनीपर्यंत पाणी चढविण्याची योजना केली आहे. त्यांच्याजवळ चार पंप आहेत. चारही सारखे नाहींत. पहिला, ज्यास आपण 'क' म्हणूं, जुना झालेला असून दहा दिवसांत चार दिवस बंद असतो. 'ख' दहांत तीन दिवस, 'ग' दोन दिवस आणि नवा 'घ' केवळ एक दिवस बंद असतो. (इतके नादुरुस्त पंप कोणी ठेवीत नाहीं, हिशेब सोपा व्हावा म्हणून आंकडे मोठे घेतले आहेत.)

प्रथम अशी मांडणी घ्या कीं, चारही पंप एकामागून एक असून प्रत्येक टप्प्यास एकच पंप आहे आणि एक बंद पडला तरी पाणी थांबतें. अशा वेळीं पाणी मिळण्याचा संभव चौघांच्या संभवांच्या गुणाकाराइतका असतो, म्हणजे ०.६ × ०.७ × ०.८ × ०.९ = ०.३०२४. हजार दिवसांपैकीं सुमारें ३०२ दिवसच पाणी मिळेल. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. 'क' आधीं ठेवा कीं शेवटीं ठेवा, गुणाकार तोच राहतो. ज्या सांखळींत प्रत्येक कडी अवश्य आहे, तेथें कड्यांची अदलाबदल करून कांहीं मिळत नाहीं.

आतां दुसरी मांडणी पाहूं. चढाव दोन टप्प्यांत पुरा होतो व प्रत्येक टप्प्यावर दोन पंप शेजारीं शेजारीं बसविले आहेत. दोहोंपैकीं एक चालला तरी त्या टप्प्याचें काम निभतें. आतां कोणता पंप कोणाच्या जोडीस द्यावा? सामान्यतः मनुष्य असा विचार करितो कीं, चांगले दोन एकत्र ठेवूं, म्हणजे एक टप्पा तरी पक्का होईल. हिशेब करून पाहा. 'क' व 'ख' एका टप्प्यावर असले तर दोन्ही एकदम बंद असण्याचा संभव ०.४ × ०.३ = ०.१२ होतो, 'ग' व 'घ' यांचा ०.२ × ०.१ = ०.०२. तेव्हां पाणी मिळण्याचा संभव ०.८८ × ०.९८ = ०.८६२४. उलट, सर्वांत वाईट 'क' यास सर्वांत चांगल्या 'घ' ची जोड दिली व 'ख' यास 'ग' ची दिली, तर ०.९६ × ०.९४ = ०.९०२४ होतो. हजार दिवसांमागें पाणी बंद असण्याचे दिवस सुमारें १३८ वरून ९८ वर आले. म्हणजे ४० दिवस केवळ जोड्या बदलल्यानें मिळाले. बैलांच्या जोडींत जो नियम आपण पाळतों, कीं दोन्ही बैल सारखे असावे, त्याच्या अगदीं उलट हा नियम आहे; कारण बैल एकच नांगर दोघे मिळून ओढतात, आणि हे पंप मात्र एकमेकांच्या गैरहजेरींत काम करणारे आहेत.

रांगेंतील शेजारी

तिसरी मांडणी अधिक विचार करण्याजोगी आहे. एखाद्या धरणाच्या पायथ्यापासून लांबवर नळ नेला आहे व त्यावर अंतराअंतरानें चार पंप एका रांगेंत आहेत. प्रत्येक पंपाची शक्ति इतकी आहे कीं, पुढचा पंप बंद असला तरी त्यास वळसा घालणाऱ्या नळींतून पाणी त्याच्या पुढच्या पंपापर्यंत जातें. आणि धरणाच्या पाण्याचा स्वतःचा दाबही तितकाच आहे. म्हणजे एक पंप बंद पडल्यानें पाणी थांबत नाहीं. शेजारचे दोन एकदम बंद पडले तरच थांबतें. अशा रांगांचा शास्त्रीय अभ्यास सन १९८० च्या सुमारास सुरू झाला. तेलाच्या नळांवरील पंप आणि दूरध्वनीचे संदेश पुढें पुढें पोहोंचविणारे मनोरे हीं त्यांतील नेहमींचीं उदाहरणें होत.

चार पंप चार जागीं ठेवण्याचे प्रकार २४ होतात. रांग उलटी केली तरी हिशेब तोच येतो, म्हणून निराळे प्रकार १२ च राहतात. हे बाराही प्रकार आम्ही कागदावर करून पाहिले. ग-क-ख-घ अशी रांग लावली, म्हणजे दोन अधू पंप मध्यें शेजारीं आले, तर पाणी मिळण्याचा संभव ०.८०६ येतो, हा सर्वांत वाईट. चांगल्यापासून वाईटापर्यंत क्रमानें, म्हणजे घ-ग-ख-क अशी रांग लावली तर ०.८३० येतो. आणि क-घ-ग-ख या रांगेनें ०.८९४ येतो, हा सर्वांत चांगला. पाणी बंद राहण्याचे दिवस हजारीं १९४ वरून १०६ वर उतरले. पंप तेच, नळ तोच, वीज तीच.

या उत्तम रांगेंत काय दिसतें? दोन अधू पंप दोन टोंकांस गेले आहेत, आणि सर्वांत अधूच्या शेजारीं सर्वांत चांगला आला आहे. कारणही उघड आहे. टोंकाच्या पंपास शेजारी एकच असतो; मधल्यास दोन असतात. ज्याच्या बंद पडण्याची भीति अधिक, त्याचे शेजारी जितके थोडे तितकें बरें, आणि जो एक शेजारी असेल तो भरंवशाचा असावा. पंप कितीही असले तरी "शेजारचे दोन" या प्रकारच्या रांगेस हाच नियम लागू पडतो, असा अंदाज सन १९८२ मध्यें डर्मन, लीबरमन व रॉस या गणितज्ञांनीं मांडला, आणि पुढें थोड्याच वर्षांत तो सिद्ध झाला. या नियमाची मौज ही कीं, पंप किती दिवस बंद असतो याचे नेमके आंकडे ठाऊक नसले तरी चालतें. कोण कोणापेक्षां चांगला एवढें कळलें म्हणजे पुरे.

जेथें नियम संपतो

परंतु पंपाची शक्ति थोडी अधिक असून लागोपाठ तीन बंद पडल्यावरच पाणी थांबत असेल, तर काय करावें? वाचकांस वाटेल कीं येथेंही असाच कांहीं नियम असावा. तसा तो नाहीं. सन १९८५ मध्यें मॅलन यांनीं दाखवून दिलें कीं, कांहीं मोजके प्रकार सोडले तर आंकडे न पाहतां उत्तम रांग सांगतां येईल असा नियमच असूं शकत नाहीं. पंधरा पंप आणि "लागोपाठ तीन" अशी अट असली, तर आजच्या आंकड्यांवर जी रांग उत्तम, ती दोन पंप जुने झाल्यावर उत्तम राहीलच असें नाहीं. प्रत्येक वेळीं नव्यानें शोध करावा लागतो.

शोध करावयाचा तर सर्व रांगा तपासाव्या, असें कोणी म्हणेल. चार पंपांच्या बारा रांगा आम्ही एका बैठकींत तपासल्या. दहा पंपांच्या रांगा ३६ लक्ष २८ हजार ८०० होतात. पंधरांच्या १ लक्ष ३० हजार कोटींहून अधिक. वीस पंपांची संख्या लिहावयास २४ वर सतरा शून्यें द्यावीं लागतात. संगणक कितीही वेगवान असला तरी या मार्गानें तो लवकरच थकतो. तेव्हां सर्व न तपासतां चांगल्याकडे नेणारी वाट पाहिजे.

बीजनिवडीची रीत

अशी एक वाट अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांनीं दाखविली. त्यांचा त्यावरील ग्रंथ सन १९७५ मध्यें प्रसिद्ध झाला. तीस जनुकीय अल्गोरिदम म्हणतात. अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीनें करावयाची गणिताची कृति; आणि जनुकीय म्हणजे वंशक्रमाच्या नियमांवर बसविलेली. हॉलंड यांचे शिष्य डेव्हिड गोल्डबर्ग यांनीं सन १९८३ मधील आपल्या प्रबंधांत ही रीत वायूच्या लांब नळावरील यंत्रें कशीं चालवावीं या प्रश्नास लावून दाखविली. म्हणजे नळ आणि पंप यांच्याशीं या रीतीचा संबंध जुनाच आहे.

कर्जत तालुक्यांतील शेतकऱ्यास ती समजावयास मुळींच कठीण जाऊं नये. कर्जत येथें भाताचें संशोधन केंद्र आहे. हल्लीं तें दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाकडे आहे. 'कर्जत' हें नांव व पुढें आंकडा असलेले भाताचे अनेक वाण तेथूनच निघाले, आणि 'सह्याद्री' हा संकरित भात सन १९९८ मध्यें तेथूनच प्रसृत झाला. वाण सुधारणारा मनुष्य काय करितो? एकांत दाणा बारीक पण ताट लोळणारें, दुसऱ्याचें ताट बळकट पण दाणा जाड. तो दोहोंचा संकर करितो, संततींतील पुष्कळ रोपें पाहतो, नापसंत उपटून टाकतो, पसंत राखतो, आणि पिढ्यान् पिढ्या हेंच चालवितो. प्रत्येक शक्य रोप तो पाहूं शकत नाहीं, आणि तशी जरूरही पडत नाहीं.

पंपांच्या रांगेचेंही तसेंच करावयाचें. येथें 'रोप' म्हणजे एक पुरी रांग. प्रथम चिठ्या टाकून, समजा, २०० रांगा तयार कराव्या. हें आपलें पहिलें शेत. प्रत्येक रांगेनें पाणी मिळण्याचा संभव किती हें गणितानें काढावें. हा तिचा उतारा. ज्यांचा उतारा अधिक त्यांस आईबाप होण्याची संधि अधिक द्यावी. मग दोन रांगांचा संकर करावा.

येथें मात्र एक अडचण येते, ती जरा नीट पाहिली पाहिजे. सहा पंपांस १ ते ६ असे क्रमांक द्या. एक रांग १-२-३-४-५-६ आहे व दुसरी ३-६-१-५-२-४ आहे. पहिलीचा पूर्वार्ध व दुसरीचा उत्तरार्ध जोडला, तर १-२-३-५-२-४ अशी संतति होते. तींत २ क्रमांकाचा पंप दोन ठिकाणीं आला आणि ६ क्रमांकाचा कोठेंच नाहीं. असा पंप कोणत्या बाजारांत मिळणार? म्हणून संकराची रीत थोडी बदलतात. पहिलीचा पूर्वार्ध १-२-३ तसाच घ्यावा. राहिलेले ४, ५, ६ हे दुसरींत ज्या क्रमानें आले असतील त्याच क्रमानें पुढें ठेवावे. दुसरींत ते ६, ५, ४ असे आहेत. म्हणून संतति १-२-३-६-५-४ होते. प्रत्येक पंप एकदांच आला, आणि दोन्ही आईबापांचें कांहीं ना कांहीं उतरलें.

याशिवाय क्वचित् एखाद्या रांगेंतील दोन पंपांची सहज अदलाबदल करावी. शेतांत जसें एखादें रोप आईबापांहून अगदीं निराळें निघतें, तसाच हा प्रकार. पुष्कळदां तें टाकाऊच असतें. परंतु तें निघूंच दिलें नाहीं, तर थोड्या पिढ्यांत सर्व रांगा एकाच घराण्याच्या होतात व सुधारणा खुंटते. आणि प्रत्येक पिढींतील सर्वोत्तम रांग, संकर न करितां, जशीच्या तशी पुढच्या पिढींत ठेवावी. शेतांत हें साधत नाहीं. संकरित भाताचें घरचें बी दुसऱ्या वर्षीं पेरलें तर गुण फुटून पीक मिसळ निघतें. कागदावरील रांगेस ही भीति नसते, म्हणून हातीं आलेलें उत्तम फळ गमावण्याचें कारण नाहीं.

२०० रांगांच्या ५०० पिढ्या केल्या तर एक लक्ष रांगा तपासल्या जातात. पंधरा पंपांच्या सर्व रांगांशीं ताडून पाहतां हें प्रमाण १ कोटी ३० लक्षांत सुमारें एक पडतें. एवढ्याशा तपासणींत बहुधा फार चांगली रांग सांपडते. ती सर्वांत उत्तमच आहे अशी हमी ही रीत देत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. म्हणून निरनिराळ्या चिठ्या टाकून तीच कृति अनेकदां करून पाहतात. जेथें "शेजारचे दोन" यासारखा पक्का नियम आहे, तेथें या रीतीची गरज नाहीं; नियमच वापरावा. सोप्या कामास मोठें औत कशाला?

गणित कोठें फसतें

वरील सर्व हिशेब एका गृहीतावर उभा आहे: एक पंप बंद पडण्याचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. प्रत्यक्षांत संबंध असतो. चारही पंप एकाच विजेच्या तारेवर असले व पावसाळ्याच्या तोंडीं वादळानें ती तार तुटली, तर कोणतीही मांडणी पाणी देणार नाहीं. नदीच्या गाळानें एकाच दिवशीं सर्वांच्या जाळ्या बुजल्या, तर तीच गत. तेव्हां मांडणी पाहण्यापूर्वीं सर्वांस एकदम मारणारें कारण कोणतें, हें पाहावें. दोन पंपांपैकीं एक विजेवर व एक तेलाच्या इंजिनावर ठेवणें हा साधा उपाय येथें संगणकाच्या शहाणपणापेक्षां अधिक उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट आंकड्यांची. कोणता पंप किती दिवस बंद असतो हें लिहून ठेविलें नसेल, तर गणितास कांहींच आधार राहत नाहीं. "हा पंप बरा चालतो" असें सांगणारे पुष्कळ भेटतात; पण बरा म्हणजे दहांत नऊ दिवस कीं सात दिवस, याचें उत्तर वहींतच असतें. आणि पंप बदलत गेले, जुने झाले कीं, वहीही नवी झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि तीच बहुधा सर्वांत अवघड. चांगला पंप आपल्या शेताजवळ असावा असें प्रत्येकास वाटतें. वजनदार मनुष्याच्या बांधाशीं नवा पंप बसतो, आणि दोन जुने पंप जेथें कोणी बोलणारा नाहीं तेथें शेजारीं शेजारीं जातात. वर आपण पाहिलें कीं, शेजारीं आलेले दोन अधू पंप ही सर्वांत वाईट मांडणी. पाणी तेथें तुटलें म्हणजे पुढच्या सर्वांचें तुटतें. त्यांत त्या वजनदार मनुष्याचें शेत पुढें असलें तर त्याचेंही. रांगेचा भरंवसा सर्वांचा मिळून एकच असतो. त्याचे वांटे करून घेतां येत नाहींत.

काय करावें

ज्यांनीं एकत्र पाणी घेण्याची योजना केली आहे किंवा करावयाची आहे, त्यांनीं आजपासून प्रत्येक पंपाची निराळी वही ठेवावी. कोणत्या दिवशीं बंद पडला, कशामुळें, व किती दिवसांनीं चालू झाला, एवढीं तीन कलमें पुरेत. एक हंगाम गेल्यावर पंपांचा चांगल्या-वाईटाचा क्रम लावावा. टप्प्यावर जोड्या असल्या तर अधूस चांगल्याची जोड द्यावी. रांग असली व लागोपाठ दोन बंद पडल्यावरच पाणी थांबत असेल, तर अधू टोंकांस व चांगले त्यांच्या शेजारीं ठेवावे. एकेकच पंप असून प्रत्येक अवश्य असेल, तर मांडणीच्या भरीस न पडतां सर्वांत अधू पंप आधीं दुरुस्त करावा. कारण तेथें तितक्याच सुधारणेचें फळ त्याच्यापासूनच सर्वांत अधिक मिळतें. आणि योजना मोठी, पंप पुष्कळ, अटी गुंतागुंतीच्या असल्या, तर ती वही घेऊन एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जाणत्या अध्यापकाकडे जावें. वर सांगितलेली रीत तेथें ठाऊक असते; वहींतील आंकडे मात्र शेतकऱ्यानेंच नेले पाहिजेत.

पेरणीपूर्वीं आपण बी निवडतों, तेव्हां मूठभर दाण्यांतून हलके दाणे काढून टाकण्यास आळस करीत नाहीं. त्याच हातांनीं यंत्रांची निवड व जागा ठरवावी, इतकेंच या लेखाचें मागणें आहे. खाचरांतील पाणी फुलोऱ्याच्या दिवसांत टिकलें, तर त्या वहीचे श्रम वांया गेले असें कोणी म्हणणार नाहीं.